शंभरातले शंभर, पण कशातले?

2025 च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या 211 विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले. त्यांतले 113 एकट्या लातूर विभागातले. पेढे, फेटे, क्लासच्या पानभर जाहिराती, सगळं रीतीप्रमाणे पार पडलं. त्या मुलांनी कष्ट केले यात शंका नाही आणि या लेखाचा रोख त्यांच्यावर नाही. रोख आहे तो त्या आकड्याच्या घडणीवर. सहा विषयांची परीक्षा द्यायची, त्यांतले जास्त गुणांचे पाच धरायचे, सहावा सोडून द्यायचा. प्रत्येक विषयातले वीस गुण तोंडी, गृहपाठ, प्रात्यक्षिक अशा नावांखाली शाळेनेच दिलेले. वर चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे, खेळाचे, शास्त्रीय नृत्य-गायनाचे किंवा लोककलेचे वाढीव गुण. ही सगळी बेरीज कधी कधी पाचशेला जाऊन टेकते आणि मग आपण म्हणतो, पैकीच्या पैकी.

गुणांची बेरीज हा इतका रोजचा व्यवहार आहे की तिच्यात काही गृहीत धरलेलं आहे हे जाणवतही नाही. मराठीतले 82, गणितातले 82 आणि संस्कृतातले 82 एकाच जातीचे आहेत, म्हणून ते एकमेकांत मिळवता येतात, असं आपण मानतो. दहावीच्या वर्गातलं कोणतंही पोर सांगेल की मराठीत 82 म्हणजे बाई खूश, गणितात 82 म्हणजे बरं चाललंय आणि संस्कृतात 82 म्हणजे आता घरी काय सांगायचं? वर्गाला जे कळतं ते गुणपत्रिकेला कळत नाही. विषयाच्या काठिण्याप्रमाणे गुण वरखाली करून मग त्यांची तुलना करणं याला परीक्षाशास्त्रात स्केलिंग म्हणतात, आणि आपल्या शालान्त परीक्षेत असलं काही होत नाही, कच्चे गुण जसेच्या तसे मोजले जातात, असा आपला समज आहे. मला तो खरा वाटत नाही. आपण स्केलिंग करतोच, फक्त आडवाटेने आणि नाव न घेता करतो. त्यामुळे ज्याला ती वाट ठाऊक आहे त्याचंच फावतं.

आधी अवघड-सोप्याचा प्रश्न. आठवीत तिसरी भाषा निवडायची वेळ आली की घराघरांत एकच सल्ला असतो : ‘संस्कृत घे, स्कोअरिंग आहे.’ पूर्ण शंभर गुणांचं घे, नाही तर हिंदीबरोबर संयुक्त घे, पण घे. आता, संस्कृत ही सोपी भाषा आहे असं त्या भाषेचा कोणताही अभ्यासक म्हणणार नाही. तीन वचनं, सगळ्या विभक्त्या, धातूंचे गण, आणि घरात-दारात बोलायला कुणी नाही. तरी गुण पडतात, कारण शब्दरूप, धातुरूप, संधी, समास यांची उत्तरं बरोबर असतात किंवा चूक असतात. बरोबर उत्तराचा अर्धा गुण कापायला परीक्षकाकडे कारण नसतं. मराठीत त्याला कारणच कारण. कवितेचं रसग्रहण कितीही चांगलं उतरलं तरी ‘याहून चांगलं लिहिता आलं असतं’ असं म्हणायला जागा उरते, आणि निबंधाला पूर्ण गुण देणं हे तर पुष्कळ परीक्षकांना आजही स्वतःच्या अभिरुचीचा अपमान वाटतं. म्हणजे विषय अवघड असणं आणि त्यात गुण मिळवणं अवघड असणं या दोन निरनिराळ्या बाबी झाल्या. पहिली विषयाची प्रकृती, दुसरी प्रश्नपत्रिकेची आणि तपासणीच्या सवयीची. शाळेत आणि क्लासमध्ये आपण ज्याला ‘अवघड विषय’ म्हणतो ते बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थाने.

शिवाय तिसराही एक अर्थ आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : कुणाला अवघड? इंग्रजी माध्यमातल्या ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जात नाही त्याला मराठीचा पेपर डोंगर वाटतो. मेळघाटातल्या कोरकू मुलीला मराठी ही शाळेत भेटलेली परकी भाषा असते, आणि तिची गुणपत्रकं मराठी ‘मातृभाषा’ असलेल्यांच्याच रांगेत लागतात. ज्या शाळेत गणिताचा शिक्षक दोन वर्षं नेमलेलाच नाही तिथे गणित अवघड असतं, आणि त्या अवघडपणाचा भूमितीशी काही संबंध नसतो.

आता बेरजेकडे येऊ. इथे एक गंमत आहे, ती सांख्यिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, पण पालकसभेत मी ती कधी ऐकलेली नाही. सगळे विषय शंभर गुणांचे, म्हणजे सगळ्यांचं वजन सारखं, हे आपलं गणित. बेरजेतून क्रम लावताना विषयाचं खरं वजन त्याच्या कमाल गुणांवर ठरत नाही. त्या विषयातले गुण किती पसरलेले आहेत, यावर ते ठरतं. समजा, एका महाविद्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या मुलांचे मराठीतले गुण 78 ते 88 यांच्या दरम्यान आहेत आणि गणितातले 40 ते 98 यांच्या. मराठीत सगळ्यांत पुढे असलेल्याला सगळ्यांत मागे असलेल्यापेक्षा दहाच गुण जास्त. गणितात तोच फरक अठ्ठावन्न. या रांगेत कोण पुढे आणि कोण मागे हे जवळजवळ गणितानेच ठरवलं. मराठीत जिवाचं रान करून पहिलं आलेल्या मुलीच्या पदरात काय पडलं, तर शेवटच्यापेक्षा दहा गुण. कागदावर दोन्ही विषय शंभराचे.

म्हणजे ‘गणित अवघड, म्हणून गणितवाल्यांवर अन्याय’ ही नेहमीची तक्रार निम्मीच खरी. ज्या विषयात गुण पसरतात तो विषय हुशाराला उचलून धरतो आणि कच्च्याला खाली ओढतो. ज्यात सगळे एका पट्ट्यात गोळा होतात तो कुणाचंच काही बिघडवत नाही आणि कुणाचं काही घडवतही नाही. शाळेने द्यायच्या वीस गुणांचं तेच. जिथे बहुतेकांना अठरा-एकोणीस-वीस मिळतात तिथे ते गुण टक्केवारी फुगवतात, पण त्याच शाळेतल्या दोन मुलांमध्ये फरक करत नाहीत. फरक पडतो तो सढळ हाताची शाळा आणि कडक शाळा यांच्यात. संस्कृतचं आणखी निराळं : ते घेणाऱ्यांमध्ये फरक थोडा, पण घेणारे आणि न घेणारे यांच्यात मोठा.

हे सगळं केवळ तर्काने सांगायची गरज नाही, कारण महाराष्ट्राने नकळत याचा एक प्रयोगच करून पाहिला. 2018 साली दहावीचा निकाल 89.41 टक्के होता आणि शंभर टक्के मिळवणारे 125. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले अंतर्गत गुण काढून टाकले. निकाल 77.10 टक्क्यांवर आला आणि शंभर टक्केवाले उरले 20. एकच हल्लकल्लोळ झाला. केंद्रीय मंडळांच्या मुलांना शाळेचे गुण मिळतात आणि आमच्या मुलांना नाहीत, मग अकरावीत आमची मुलं कुठे जाणार, असा प्रश्न विचारला गेला आणि तो अगदी रास्त होता. 2020 ला अंतर्गत गुण परत आले. निकाल 95.30 टक्के, शंभर टक्केवाले 242. त्याच 2019 साली अभ्यासक्रम नवा होता आणि कृतिपत्रिकेचं स्वरूपही नवं होतं, म्हणून सगळं श्रेय-अपश्रेय त्या वीस गुणांना देता येणार नाही. पण एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं बाराने मठ्ठ झाली आणि दुसऱ्या वर्षात अठराने हुशार झाली, असं तर कुणी म्हणणार नाही ना? 2021 ला परीक्षाच झाली नाही, नववीच्या आणि शाळेतल्या गुणांवर निकाल लावला, तेव्हा तो 99.95 टक्के लागला आणि शंभर टक्केवाले 957 झाले. मोजपट्टी शाळेच्या हातात जितकी जास्त, तितकी उंची जास्त.

माझ्या मते मोजपट्टी बदलणं हेच स्केलिंग. फरक इतकाच की सांख्यिकीतल्या स्केलिंगला सूत्र असतं, ते छापता येतं, त्यावर भांडता येतं. आपल्या स्केलिंगला शासननिर्णय असतो.

‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ हा त्यातला सगळ्यांत लाडका प्रकार. सहापैकी पाच विषय धरायचे म्हणजे सहाव्याला शून्य वजन द्यायचं. कोणत्या विषयाला शून्य द्यायचं ते प्रत्येकाच्या बाबतीत वेगळं आणि ते ठरवायचं निकाल लागल्यावर. ज्याचं गणित कच्चं त्याचं गणित वगळलं जातं, ज्याचं इंग्रजी कच्चं त्याचं इंग्रजी. दयाळूपणा म्हणून मला यात वाईट काही दिसत नाही. एका विषयाने पंधरा वर्षांच्या मुलाचं वर्ष नासू नये. पण हीच टक्केवारी घेऊन तो मुलगा अकरावी विज्ञानाच्या दारात जातो आणि तिथे त्याच्या गणितातल्या गुणांकडे प्रवेशाची यादी पाहतच नाही. ज्या विषयावर पुढची दोन वर्षं उभी राहायची आहेत तोच विषय वगळून त्याची लायकी ठरवायची, यापेक्षा विचित्र स्केलिंग मी जगात कुठे वाचलेलं नाही. दोन वर्षांनी ते गणित बारावीला आणि सीईटीला व्याजासकट वसूल होतं.

‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं कसं, हाही इतिहास विसरण्याजोगा नाही. 2008 साली शासनाने अकरावी प्रवेशासाठी वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणायला पर्सेंटाइलचं सूत्र आणलं. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. 2009 ला नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना आणि दहा टक्के इतरांना, असा कोटा आणला. तोही टिकला नाही. 2010 ला बेस्ट ऑफ फाइव्ह आलं, उच्च न्यायालयाने तेही रद्द केलं, पण सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तीन वर्षांत तीन उपाय, आणि तिघांचं दुखणं एकच : आयसीएसईचे 90, सीबीएसईचे 90 आणि राज्य मंडळाचे 90 एकच नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते कोणत्या दराने बदलायचे यावर एकमत नव्हतं. या तिघांतला संख्याशास्त्राच्या वाटेने जाणारा पहिलाच उपाय होता, भले ते सूत्र कच्चं असेल. टिकला तो तिसरा, ज्यात तुलनेचा प्रश्न सोडवलेलाच नाही, आपल्या मुलांची टक्केवारी तेवढी वाढवून घेतली. मंडळामंडळांतला हा तिढा सोडवण्याच्या नादात विषयाविषयांतला तिढा मात्र कायमचा कायदेशीर करून टाकला.

न्यायालयांना हा विषय नवा नाही. उत्तर प्रदेशातल्या दिवाणी न्यायाधीशांच्या भरतीचं एक प्रकरण 2007 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. सगळ्या उमेदवारांनी तेच पेपर दिले होते, फक्त तपासनीस अनेक होते, तरी लोकसेवा आयोगाने गुणांवर स्केलिंगचं सूत्र चालवलं होतं. न्यायालयाने फार नेटका फरक करून दिला : विषय एक आणि परीक्षक अनेक असतील तर नियमन, म्हणजे मुख्य परीक्षकाने नमुना उत्तरपत्रिका पाहून सैल-कडक हात जुळवून घेणं, आणि उमेदवारांनी वेगवेगळे विषय निवडले असतील तर स्केलिंग. एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नये. आपल्या मंडळात पहिलं औषध आहेच, नियामक आणि मुख्य नियामक ही पदं त्यासाठीच असतात. दुसरं औषध बाटलीतच आहे.

स्पर्धा परीक्षांमध्ये हे दुखणं उघड्यावर येतं, कारण तिथे एकेका गुणावर नोकरी असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतला वैकल्पिक विषय 2011 ला गेला आणि मुख्य परीक्षेतले दोन वैकल्पिक विषय 2013 पासून एकावर आले. ‘कोणता विषय घेतला की गुण पडतात’ हा धंदा त्याने कमी झाला, संपला नाही. स्केलिंगआधीचे कच्चे गुण दाखवा म्हणून उमेदवार न्यायालयात गेले तेव्हा 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची बाजू घेतली. सूत्र असूनही ते झाकलेलं असेल तर लोकांच्या मनात काय बसतं, हे पुण्यातल्या कोणत्याही अभ्यासिकेत तासभर बसलं तर ऐकायला मिळेल.

शाळेकडे परत येतो. मार्च 2020 मध्ये दहावीचा शेवटचा पेपर, भूगोलाचा, टाळेबंदीमुळे आधी पुढे ढकलला आणि मग रद्द झाला. चाळीस गुणांचं काय करायचं? मंडळाने ठरवलं की इतर विषयांच्या लेखी परीक्षेत मिळालेल्या गुणांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण द्यायचे. फारसं कुणी भांडलं नाही. संकटाच्या घाईत घेतलेल्या त्या निर्णयात स्केलिंगमागची सगळी विचारसरणी आली होती : जो विषय मुलाने दिलाच नाही त्यात त्याला किती पडले असते, याचा अंदाज त्याच्या बाकीच्या विषयांवरून बांधता येतो.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात हाच विचार दर वर्षी, सूत्र छापून, बारावीच्या सगळ्या विषयांना लावला जातो. तिथली अडचण आपल्यापेक्षा मोठी, कारण इंग्रजी सोडलं तर कुणी काय घ्यावं याला फारशी सक्ती नाही. एकाने उच्च गणित, भौतिकशास्त्र आणि लॅटिन घेतलं, दुसऱ्याने नाट्यकला, खाद्यतंत्र आणि व्यवसाय अभ्यास घेतला, आणि दोघांना एकाच विद्यापीठाच्या रांगेत उभं करायचं. त्यांनी असं ठरवलं की विषयाच्या नावाकडे बघायचंच नाही. त्या विषयाला बसलेल्या मुलांनी आपापल्या इतर विषयांत काय केलं ते बघायचं. इतरत्र ती मुलं तगडी असतील तर या विषयात सरासरीला असणंही मोठी गोष्ट, म्हणून त्या विषयाची सरासरी वर न्यायची. पण ते ‘इतर विषय’ही याच पद्धतीने वरखाली व्हायचे असतात, म्हणून सगळ्या विषयांची समीकरणं एकदम सोडवावी लागतात. त्यातून शेवटी येतो तो एक क्रमांक, 99.95 पर्यंतचा, ज्याला तिथे एटार म्हणतात. टक्केवारी तो नव्हेच. आपल्या वयाच्या मुलांमध्ये तुम्ही किती जणांच्या पुढे आहात, एवढंच तो सांगतो. शंभर टक्के कुणालाच मिळत नाहीत, कारण स्वतःच्या पुढे कुणी जाऊ शकत नाही.

शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात थोडी वेगळी तऱ्हा. तिथे प्रत्येक विषयात 50 पैकी गुण असतात, सरासरी 30 ला बांधलेली, आणि मग स्केलिंगमध्ये लॅटिन किंवा सर्वांत वरच्या पातळीचं गणित वर चढतं आणि सोपं गणित खाली येतं. मला तिथली एक गोष्ट फार आवडते. मुलांनी परभाषा शिकाव्यात असं शासनाला वाटतं, म्हणून भाषांच्या सरासरीत सरळ 5 ची भर घातली जाते. यात सांख्यिकी काही नाही, हे निव्वळ धोरण आहे, आणि ते धोरण म्हणूनच छापलेलं आहे. संस्कृतला किंवा लोककलेला प्रोत्साहन द्यायचं असेल तर आपणही द्यावं, त्यात गैर काय? पण प्रश्नपत्रिका सोपी काढून ते देण्यापेक्षा ‘या विषयाला आम्ही इतकी भर घालतो’ असं सांगून द्यावं.

एवढं वाचून हे सगळं इकडे उचलून आणावं असं मी म्हणेन, अशी कुणाची समजूत झाली असेल तर थांबावं. त्या पद्धतीच्या मुळाशी एक मोठं गृहीत आहे : हुशारी ही एकच वस्तू आहे आणि ती सगळ्या विषयांतून थोडी थोडी डोकावते. एखादी मुलगी फक्त संगीतात असामान्य असेल आणि तिच्याबरोबर संगीत घेतलेली मुलं इतर विषयांत बेताची असतील, तर तिचा भाव तिच्या सुरांवरून ठरत नाही, संगतीवरून ठरतो. वर, मुलं विषय निवडताना ‘हा वर जातो, तो खाली येतो’ याच हिशेबात अडकतात. तिथल्या प्रवेश-यंत्रणा दर वर्षी सांगतात की स्केलिंग बघून विषय घेऊ नका, आवड बघून घ्या. म्हणजे आपल्याकडचं ‘स्कोअरिंग’ तिथे संपलं नाही, ते फक्त जास्त गणिती झालं.

इंग्लंडमध्ये या गृहीतावर दोन पिढ्या वाद चालू आहे. डरॅम विद्यापीठातल्या रॉबर्ट को आणि सहकाऱ्यांनी 2008 साली अनेक पद्धतींनी मोजून दाखवलं की विज्ञान, गणित आणि परभाषा या विषयांत तीच श्रेणी मिळवणं इतर काही विषयांपेक्षा खरोखर जड जातं आणि सर्वांत जड व सर्वांत हलक्या विषयांतलं अंतर एका श्रेणीपेक्षा जास्त आहे. तिथल्या परीक्षा-नियंत्रकाने पुढे दहा वर्षांनी, 2018 ला, बारावीच्या पातळीवरच्या विज्ञान आणि भाषा विषयांच्या श्रेणी सरसकट सैल करायला नकार दिला. एखाद्या विषयात मुलं कमी पडतात यामागे विषयाचं काठिण्य असेल, तसं शिकवणं असेल, तासांची संख्या असेल, मुलांची नावडही असेल. आकड्यांना यांतलं काय कोणतं ते वेगळं करता येत नाही. 2019 मध्ये मात्र त्याच संस्थेने दहावीच्या पातळीवरच्या फ्रेंच आणि जर्मनची श्रेणी सैल करायचं ठरवलं. मला ही धरसोड वाटत नाही. विषयवार, पुरावा बघून, उघडपणे आणि थोडंसंच करायची ही रीत आहे.

मग आपण काय करावं? माझ्या मते दहावी आणि बारावी यांना एका मापाने मोजू नये. दहावीत बहुतेक मुलं तेच विषय देतात. तिथे गटागटांच्या ताकदीचा ऑस्ट्रेलियन खटाटोप करण्याचं कारण नाही. तिथे दुखणं पसरणीचं आहे, आणि त्याला उपाय सोपा : प्रत्येक विषयाच्या गुणाशेजारी त्या विषयातलं पर्सेंटाइल छापा. मराठीत 86 म्हणजे शंभरात कितव्या जागी, गणितात 86 म्हणजे कितव्या. मंडळाकडे सगळा आकडा पडून आहे, आणि सीईटीचा पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात घरांपर्यंत वाचणाऱ्या पालकांना हे समजणार नाही असं कुणी सांगू नये. ते छापलं की मराठीत पहिल्या आलेल्या मुलीचं खरं माप पहिल्यांदा कागदावर येईल. तिसऱ्या भाषेत मात्र निवड आहे, आणि संस्कृत घेणारा गट अभ्यासात पुढे असेल तर त्या गटातल्या मधल्या मुलीला पन्नासावं पर्सेंटाइल देणं हा उलटा अन्याय होईल. तिथे, आणि फक्त तिथे, त्या मुलांचे इतर विषय बघून तुलना करणं मला प्रामाणिक वाटतं. शाळेने दिलेले वीस गुण गुणपत्रिकेवर वेगळ्या रकान्यात राहू द्यावेत. मुलाने वर्षभर काय केलं ते त्यातून दिसतं, म्हणून ते हवेतच. प्रवेशाच्या क्रमवारीत ते नकोत.

बारावीचं दुखणं जास्त खोल आहे. तिथे शाखा फुटलेल्या असतात, आणि एकाच शाखेत दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घ्यायची सोय असते. त्याचा पेपर संगणकावर असतो आणि गुण सढळ पडतात, अशी त्याची ख्याती. ही सोय कुणाला? ज्या महाविद्यालयात संगणकांची प्रयोगशाळा आणि ते शिकवणारं माणूस आहे, त्यांना. जर्मन, फ्रेंच, पूर्ण संस्कृत यांचं तेच. जिल्हा परिषदेच्या किंवा आडगावातल्या अनुदानित शाळेच्या मुलापुढे ‘स्कोअरिंग’ विषयांची यादी येतच नाही, कारण यादी करायला शिक्षक लागतात. त्याच्यापुढे हिंदी असते आणि असतील तर गणिताचे सर असतात. शहरातली टक्केवारी आणि गावातली टक्केवारी एका रांगेत लावताना आपण क्लासेसचा फरक मोजतो, इंग्रजीचा मोजतो, विषय निवडायला मिळाला की नाही हा फरक कुणी मोजत नाही. कच्च्या गुणांची साधी बेरीज ही तटस्थ असते असं मानणाऱ्यांनी एवढं एक बघावं. दिल्ली विद्यापीठात अशाच बेरजांनी 2021 ला काही अभ्यासक्रमांचा कट-ऑफ शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवला आणि पुढच्याच वर्षी तिथे मंडळाचे गुण बाजूला सारून सामाईक प्रवेश परीक्षा आली. बेरीज कोसळली की तिच्या जागी परीक्षा येते, आणि परीक्षेबरोबर कोटा-लातूरच्या क्लासेसचा नवा हंगाम.

2024 साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात एक सूचना होती : दहावीला गणित आणि विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण मिळाले तरी पुढे जाऊ द्यावं, पण या विषयांवर आधारलेलं पुढचं शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा. गुणवत्ता बुडाली अशी ओरड झाली. मला त्या सूचनेत पहिल्यांदाच अधिकृतपणे मान्य केलेली एक गोष्ट दिसली : प्रत्येक विषयातले 35 सारखे नसतात, आणि कला शाखेला जाणाऱ्या मुलीला बहुपदीने अडवण्यात अर्थ नाही. माझी शंका वेगळी आहे, ती त्या शेऱ्याबद्दल. ज्या वर्गात गणित शिकवलंच गेलं नाही त्या वर्गातल्या मुलीच्या कागदावर तो शेरा पडला तर तो तिच्या गणिताचा असेल की तिच्या शाळेच्या रिकाम्या जागेचा, हे पाच वर्षांनी तो कागद बघणाऱ्याला कसं कळणार? शेरा मारायचाच असेल तर त्या शाळेत त्या वर्षी गणिताचा शिक्षक होता की नाही, तेही शेजारी छापावं. तो आकडाही शासनाकडे आहेच.